गादीवरचा अडसर

बाभुळगावात डिजिटल झालं नाही असं काही शोधायचं म्हटलं, तर आता बरंच फिरावं लागेल. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. गावात रेल्वे नाही, कारखानदारी म्हणावी तर कापसाभोवतीची, आणि बाजार कापूस, सोयाबीन, तुरीवर चालणारा. तरी चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे. कापसाची गाडी इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते आणि काटापट्टी प्रिंटरमधून बाहेर येते. सकाळचे भाव व्हॉट्सॲपवर येतात. कृषी केंद्रात आधारशी जोडलेलं पॉस मशिन आहे, सातबारा डिजिटल सहीचा मिळतो, गाठींच्या ट्रकचं ई-वे बिल मोबाइलवर निघतं. यंत्रांची यादी करायची तर तालुक्याचं गाव जिल्ह्याला हार जाणार नाही.

आता दुसरी यादी करून बघा. आजचा भाव कोण ठरवतो? गाडीत ओलावा जास्त आहे म्हणून कटती किती, हे कोण सांगतो? कुणाला उधार द्यायचं, कुणाचं पेमेंट पंधरा दिवस थांबवायचं, कोणता माल कच्च्या चिठ्ठीवर आणि कोणता पक्क्या बिलावर, हे कुठे लिहिलेलं असतं? या सगळ्याचं उत्तर एका माणसाच्या डोक्यात असतं आणि तो गादीवर बसलेला असतो. जिनिंगचा मालक असो, अडत्या असो, पतसंस्थेचा अध्यक्ष असो किंवा सोसायटीचा. संगणक आला तो या माणसाच्या बाजूच्या टेबलावर. त्याच्या डोक्यात काही तो शिरला नाही.

व्यवसायाचं डिजिटल परिवर्तन हा या पुस्तकाचा विषय. त्यावर बोलताना सहसा तीन कारणं पुढे केली जातात: नेट नाही, वीज जाते, माणसं शिकलेली नाहीत. तिन्ही खरी होती, आणि काही गावांत अजून आहेत. पण जिथे नेट आहे, इन्व्हर्टर आहे आणि बी.कॉम. झालेला पोरगा टॅलीवर बसलेला आहे, तिथेही गाडी अडते. ती कुठे अडते याचा माग काढत गेलं की आपण बहुतेक वेळा मालकाच्या केबिनच्या दाराशी पोचतो. पुस्तकाचा सगळा रोख त्या दाराकडे आहे, म्हणून प्रस्तावनेतच ते स्पष्ट सांगतो.

मालक यंत्राला भितो, असा एक समज शहरातल्या सल्लागारांमध्ये आहे. तो विदर्भापुरता तरी खोटा आहे. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्याच्या चौथ्या उपअभियानात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान होतं. इथल्या जिनवाल्यांनी ते घेतलं आणि वर स्वतःचा पैसाही घातला. मातीच्या अंगणांच्या जागी सिमेंटचे ओटे आले, डोक्यावरून कापूस वाहण्याऐवजी कन्व्हेअर आले, जिनाला ऑटो फीडर लागले, जुने प्रेस जाऊन हायड्रॉलिक प्रेस आले. रुईतला कचरा कमी झाला की गाठीला दर चांगला मिळतो, हे मालकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणजे बदलाची छाती या माणसात आहे आणि पैसा गुंतवायची तयारीही आहे. मग हाच माणूस साठ्याची नोंद रोजच्या रोज संगणकात घ्यायला का कचरतो?

कारण हायड्रॉलिक प्रेस मालकाला काही विचारत नाही. तो गाठ दाबतो. १७० किलोची गाठ दाबली की त्याचं काम संपलं. नोंद ठेवणारी यंत्रणा मात्र प्रश्न विचारते. आज किती कापूस आला, त्यातून किती रुई निघाली, किती सरकी, घट किती, आणि ही घट कालच्यापेक्षा जास्त का? हे प्रश्न एकदा पडद्यावर आले की ते मुलाला दिसतात, भागीदार असलेल्या भावाला दिसतात, बँकेच्या अधिकाऱ्याला दिसतात, आणि करखात्याला दिसतील की काय ही धास्ती तर कायमची. जे आजवर एकट्याला माहीत होतं ते चौघांना माहीत होणं, हा खरा बदल. बाकी सगळी खरेदी झाली.

याचं सगळ्यांत उघड उदाहरण कंपन्यांच्या हिशोबात सापडतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असं हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं, ज्यात प्रत्येक नोंदीतला बदल कधी आणि काय झाला याचा माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. त्याआधी मार्च महिना आला की मागच्या तारखेच्या नोंदी करण्याची सोय हीच अनेकांच्या लेखी सॉफ्टवेअरची मोठी सोय होती. कागदी रोजमेळात खाडाखोड दिसत तरी असे. संगणकात ती दिसेनाशी झाली, म्हणून संगणक गोड लागला होता. माग ठेवण्याचा नियम आला आणि त्याच संगणकाबद्दलची कुरकूर सुरू झाली. हा नियम कंपन्यांना लागू आहे. तालुक्यातल्या भागीदारी पेढ्या आणि एकट्याच्या मालकीचे धंदे त्याबाहेर आहेत, आणि आपण त्याबाहेर आहोत हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

सगळा मामला लपवाछपवीचा आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. कापसाच्या धंद्यात नफा भावाच्या फरकावर असतो आणि तो फरक माहितीवर असतो. जागतिक बाजारात काय चाललंय, सरकीचा भाव कुठे जाणार, गुजरातचा व्यापारी कधी उतरणार, हे शेजारच्या जिनवाल्याआधी कळणं यातच कमाई. अशा माणसाला ‘माहिती सगळ्यांना द्या’ म्हणणं म्हणजे त्याच्या भांडवलाचा एक हिस्सा वाटून टाकायला सांगणं. तो बिचकतो ते समजून घेतलं पाहिजे. बाहेरच्या बाजाराची माहिती मुठीत ठेवणं वेगळं आणि आपल्याच पेढीतल्या कामाची माहिती आपल्याच माणसांपासून मुठीत ठेवणं वेगळं, एवढा भेद मात्र त्यानं करायला हवा. तो होत नाही, तिथे अडसर तयार होतो.

माहिती कुणाच्या मुठीत राहावी या भांडणाला वऱ्हाडात सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ मध्ये कारंजा इथे झाली, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. अनेक बाजारांत तेव्हा आणि पुढेही दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करत. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून फक्त रुमालाची हालचाल बघे. परवानाधारक दलाल, तोलणारे, ठरलेले आकार ही कल्पना त्या वेळच्या धंद्याला आजच्या ॲपइतकीच उपरी वाटली असणार. ब्रिटिशांना शेतकऱ्याचा कळवळा होता असंही नाही. मँचेस्टरला स्वच्छ, खात्रीच्या वजनाचा कापूस हवा होता. पुढे झालं असं की नवी व्यवस्था आली आणि तिच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचंच वर्चस्व राहिलं. व्यवस्था उघडी झाली, किल्ल्या तिथेच राहिल्या.

हे आज का सांगायचं? कारण १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम, म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजार, सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रातल्या शंभराहून अधिक बाजार समित्या त्याला जोडल्या गेल्या, तेव्हाही हेच घडताना दिसलं. कल्पना अशी की प्रवेशद्वारावर नोंद, मग मालाची प्रत तपासणी, मग संगणकावर बोली, आणि पैसा थेट शेतकऱ्याच्या खात्यात. देशभरातून तक्रार आली ती अशी की लिलाव जुन्याच पद्धतीनं तोंडी होतो, भाव ठरून जातो आणि मग संध्याकाळी आकडे पोर्टलवर भरले जातात. कागदोपत्री ऑनलाइन व्यवहार झाला. तपासणीची प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणूस आणि दूरच्या खरेदीदाराचा विश्वास या तीन गोष्टींशिवाय परगावचा व्यापारी न पाहिलेल्या मालावर बोली लावणार नाही, हे बाजारातला हमालही सांगेल. त्या तीन गोष्टी उभ्या करणं हे समितीच्या सभापतीचं आणि संचालकांचं काम होतं. संगणक मात्र अनुदानात आले.

महाराष्ट्रात या विषयावरचा सगळ्यांत शिकण्यासारखा प्रयोग कोल्हापूरकडचा आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी समूह, केंद्र सरकार आणि राज्य सरकार असे तिघे मिळून. गावोगावी संगणक केंद्रं बसली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य, रोजगार, जमिनीच्या नोंदी असं बरंच काही तिथून मिळणार होतं. त्या काळात, जेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीही इंटरनेट ही अपूर्वाई होती, हे मोठं धाडस होतं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन शाखेतले अभ्यासक तिथे गेले. त्यांना दिसलं की संगणक मुख्यतः उसाच्याच कामाला लागलेत: ऊसनोंद, तोडणीची पाळी, खताची उचल, बिलाची माहिती. बाकी स्वप्नं बाजूला पडली होती आणि संगणक सांभाळण्याचा खर्च चालूच होता. या कामाला संगणक लागतोच कशाला, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून बघितला. शेतकऱ्याला आपली माहिती मोबाइलवर मिळू लागली. काम झालं, स्वस्तात झालं. ‘वारणा अनवायर्ड’ या नावानं तो प्रयोग पुढे अभ्यासकांच्या जगात बराच वाचला गेला.

काही जण वारण्याची गोष्ट फसलेला प्रकल्प म्हणून सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. उसाचा हिशोब चालला, कारण तो कारखान्याला स्वतःला हवा होता. तोडणीची पाळी चुकली तर ऊस वाळतो, उतारा पडतो, अध्यक्षाला सभेत उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे वरच्या माणसाचं त्या नोंदींवर रोज लक्ष होतं. आरोग्य आणि रोजगाराच्या माहितीचं तसं नव्हतं. ती मिळाली नाही म्हणून कुणाची खुर्ची हलणार नव्हती. तंत्रज्ञान दोन्हीकडे एकच, संगणक तोच, चालवणारा मुलगाही तोच. फरक पडला तो वरच्याला कशाची गरज होती यानं. आणि दुसरं असं की साधन आधी ठरलं, प्रश्न नंतर. संगणक बसवायचा हे ठरल्यावर त्यावर काय करायचं याची यादी झाली. आपल्याकडे आजही धंद्यात सॉफ्टवेअर असंच येतं. यवतमाळ-अमरावतीत कुणी घेतलं म्हणून आपण घ्यायचं, आणि मग मुनीमाला सांगायचं, बघ रे यात आपलं काय काय बसतं ते.

साधन बदलूनही रीत न बदलण्याचा हा आजार फक्त आपलाच आहे असं समजू नये. अमेरिकेत कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी विजेची मोटर बसवली. छताखालचा तोच लांब दांडा, तेच पट्टे, यंत्रांची तीच मांडणी. उत्पादन काही वाढेना. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर देऊन कारखान्याची मांडणीच नव्यानं करायला काही दशकं गेली, आणि मग विजेचा फायदा दिसला. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये ही हकीकत मांडली ती संगणकाच्या संदर्भातच. डिजिटल कॅमेऱ्यापुढे मागे पडलेल्या कोडॅकची गोष्ट मी मुद्दामच सांगत नाही. व्यवस्थापनाच्या प्रत्येक भाषणात ती असते, आणि बाभुळगावच्या अडत्याला कॅमेऱ्याचा धोका नाही.

त्याला धोका आहे तो रोजच्या छोट्या अडण्याचा. पेढीचं बँक खातं ऑनलाइन आहे, पण ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो आणि वडील लग्नाला वर्ध्याला गेलेत. फोन लागत नाही. ट्रक भरून उभा, पेमेंट अडकलेलं, मुलगा चरफडतोय. पुण्यात एमबीए केलेला हा मुलगा तीन वर्षांपासून धंद्यात आहे. त्याला अजून सहीचा अधिकार नाही. वडिलांचं म्हणणंही ऐकण्यासारखं असतं: ज्याला कापसात हात घालून धाग्याची लांबी कळत नाही, त्याच्या हाती तिजोरी कशी द्यायची? दोघांच्या मध्ये मुनीम. तीस वर्षं पेढीत काढलेला. नव्या व्यवस्थेत आपलं काय होणार हे त्याला कुणीच सांगत नाही, म्हणून तो नव्या नोंदी चार दिवस करतो आणि पाचव्या दिवशी जुनी वही काढतो. त्याला विरोधक म्हणतात. माझ्या मते तो फक्त मालकाचा कल ओळखतो. मालक स्वतः संध्याकाळी वही मागत असेल तर मुनीम वहीच लिहील.

सहकारात हीच गोष्ट वेगळ्या चालीनं होते. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची. आपल्या गावची ‘सोसायटी’ म्हणतो ती हीच. सॉफ्टवेअर एकसारखं, नाबार्डची देखरेख. पण सोसायटीचा अध्यक्ष निवडून येतो, पाच वर्षांसाठी, आणि थकबाकीदारांच्या यादीत त्याचे मतदारही असतात, कधी सोयरेही. कर्ज कुणाचं फिरवलं, कुणाचं जुनं-नवं केलं हे गटसचिवाच्या दप्तरात असतं तोवर बोलता-चालता निभतं. ते जिल्हा बँकेच्या पडद्यावर त्याच दिवशी दिसायला लागलं की निभावणं संपतं. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य फार उपयोगी पडतं.

नेतृत्वानं काय ठरवलं यानं एकच काम कसं बिघडतं आणि कसं सुधारतं, हे या राज्यातल्या शेतकऱ्यानं दोन कर्जमाफ्यांत पाहिलंय. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यानं ऑनलाइन अर्ज भरायचा होता, नवरा-बायकोनं अंगठे द्यायचे होते. केंद्रांपुढे रांगा लागल्या. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग बँकांच्या नोंदी आणि अर्ज जुळेनात. एकाच आधार क्रमांकावर कितीतरी शेतकरी निघाले. तारीख आधी जाहीर झाली होती, नोंदी तपासायच्या राहिल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या योजनेत अर्जच नव्हता. याद्या बँकांच्या कर्जखात्यांतून आल्या, शेतकऱ्यानं फक्त अंगठा देऊन रक्कम बरोबर आहे की नाही ते सांगायचं. माहिती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच ती घ्यायची, एवढा साधा निर्णय. पहिल्या वेळी तो का सुचला नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानात मिळणार नाही.

आता मालकाच्या बाजूनं एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हे पुस्तक एकतर्फी होईल. डिजिटल नोंद जे दाखवते तेच खरं धरते आणि जे तिच्यात बसत नाही ते नाहीसं करते. २०२५ च्या हंगामात भारतीय कपास निगमनं हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि जमिनीची व पिकाची नोंद जुळली पाहिजे. शेत स्वतःच्या नावावर असेल, ई-पीक पाहणी झाली असेल, तर ठीक. पण यवतमाळ जिल्ह्यात मक्त्यानं आणि बटईनं शेती करणारे कितीतरी. सातबारावर नाव भलत्याचं. नवरा गेल्यावर शेती कसणाऱ्या बायका आहेत, ज्यांचा फेरफार अजून झालेला नाही. अडत्याचा मुनीम यांना नावानिशी ओळखतो, त्यांचा कापूस घेतो, अडीअडचणीला उचलही देतो, आणि त्याची किंमत भावातून वसूल करतो हेही खरं. ॲप त्यांना ओळखतच नाही. ‘आमच्या धंद्यात माणूस बघावा लागतो’ असं जुने शेठजी म्हणतात तेव्हा त्यात बहाणा असतो, आणि त्यात ही समजही असते. दोन्ही वेगळं करता आलं पाहिजे.

कृषी केंद्रवाल्यांचा अनुभवही असाच दुहेरी आहे. २०१८ पर्यंत देशभर अनुदानित खताची विक्री पॉस मशिनवर आली. पेरणीच्या चार दिवसांत दुकानासमोर झुंबड असताना प्रत्येकाचा अंगठा घेत बसणं अशक्य, म्हणून आधी पोती द्यायची आणि रात्री मशिनवर चढवायचं, कधी हाताशी असेल त्याच्या आधारवर. परिणामी गोदामातला साठा एक आणि मशिनवरचा दुसरा. नियम करणाऱ्यानं जून महिन्यातलं दुकान पाहिलेलं नसतं. वरचा आणि खालचा, दोघंही आपापल्या जागी नेते, आणि दोघांमध्ये बोलणं नाही.

पुस्तकातली प्रकरणं याच वाटेनं गेली आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं याची शिफारस इथे नाही. ती सहा महिन्यांत शिळी होते, आणि विकणारे लोक ती फुकट करतात. घरातल्या धंद्यात अधिकार कसा वाटायचा, मुनीमाला नव्या व्यवस्थेत कोणती जागा द्यायची, संचालक मंडळानं कोणता आकडा दर आठवड्याला मागायचा, विकणाऱ्याशी करार करताना आपली माहिती आपल्याला परत मिळण्याची अट कशी घालायची, यावर भर आहे. सहकारावरचं प्रकरण सगळ्यांत लांब आहे. तिथेच दुखणं जुनं आहे. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांवरचं प्रकरण आटोपशीर आहे. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

वाचणाऱ्याला एकच विनंती. तुम्ही गादीवर बसणारे असाल तर हे पुस्तक मुलाकडे किंवा मुनीमाकडे देऊन ‘वाचून सांग’ म्हणू नका. स्वतः वाचा, आणि सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी एका कागदावर लिहून काढा, पेढीतली कोणती माहिती आज फक्त तुम्हालाच आहे आणि त्यातली कोणती उद्यापासून मुलाला, मुनीमाला आणि काट्यावरच्या माणसाला द्यायला तुम्ही तयार आहात. तो कागद कोरा राहिला, तर पैसे खर्च करू नका.